गरब्याला पोरं न्यायच्या आधी (नंबर लिहिलात का?)

गेल्या नवरात्रीत माझी धाकटी, साडेचार वर्षांची, इथे बडोद्यात गरब्याच्या ग्राउंडवर वीस मिनिटं हरवली होती, म्हणून लिहितेय. पाण्याची बाटली वगैरे सगळे घेतातच, ते सोडा.

आधी पोराच्या अंगावर तुमचा मोबाईल नंबर. अंगावर म्हणतेय, सामानात नाही. चणियाचोळीला खिसा नसतो. मी चिठ्ठी लिहिली होती हो, पण ती तिच्या आभल्याच्या बटव्यात, आणि बटवा "आई धर ना" म्हणून माझ्याच खांद्याला. तिकडे माईकवर काय चाललंय, तर "छकुली नामनी बेबी मळी छे, पप्पानुं नाम बाबा कहे छे", म्हणजे छकुली नावाची मुलगी सापडलीय, वडिलांचं नाव बाबा सांगतेय. ढोलात मला ते ऐकूच आलं नाही, शेजारच्या काकूंनी हात धरून ओढत नेलं तेव्हा कळलं. तर बटव्यात नाही, तळहातावर बॉलपेनने पण नाही, घामाने अर्ध्या तासात जातं. घरात मेंदीचा कोन आलेलाच असतो, त्याने हाताच्या आतल्या बाजूला नंबर काढा, फिका झाला की गिरवा. काळी मेंदी मात्र नको, त्यात केसांच्या डायमधलं पीपीडी असतं, पोरांच्या कातडीला फोड येतात. शिवाय एक चिठ्ठी नेफ्याच्या आतून टाचा. आणि आई-बाबांची खरी नावं आडनावासकट घोकून घ्या.

चणिया घोट्याच्या वर चार बोटं. मंगळबाजारात आपण "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून लांब उचलतो आणि पोर पहिल्याच फेरीत तोंडावर पडतं. ओढणी गळ्याभोवती गुंडाळायची नाही, खांद्यावर आणि कमरेला टाचायची, आणि ॲक्टिव्हावर जाणार असाल तर निघतानाच काढून डिकीत टाका, घेरही मांडीखाली दाबून बसवा, मागच्या चाकात कापड गेलं की संपलंच, मग दांडिया बाजारच्या गर्दीत काय करणार? हेल्मेट पोरालाही, हो, हेअरस्टाईल विस्कटली तरी. सोसायटीच्या गरब्यात मध्ये गरबो (आत दिवा ठेवलेला भोकांचा मातीचा घट) आणि दिवे असतात तिथे नायलॉनच्या ओढणीवाल्यांना बाहेरच्या रिंगणात ठेवा.

घरून निघताना दारात एक फोटो काढा, आजच्या कपड्यातला, कारण "निळी चणियाचोळी" म्हणून सांगायला जाल तर तिथे दोनशे निळ्या असतात. मी "निळी" एवढंच सांगत होते, वेड्यासारखी. आणि फोटो काढतानाच बघा, हातावर नंबर आहे का?

भेटायची जागा "गेटपाशी" अशी ठरवू नका, गेटं तीन-चार असतात, एखादा ठराविक स्टॉल नाहीतर खांब दाखवून ठेवा. रिंगणात चप्पल सुटली, टिकली पडली, तरी वाकायचं नाही आणि उलटं घुसायचं नाही, सगळ्यांबरोबर चालत चालत तिरकं बाहेर यायचं. स्पीकरच्या समोर उभं करू नका. दांडिया असेल तर लहानांना मोठ्यांच्या जोडीत नाही, डोळ्याच्या उंचीवर काठी येते. नाहीच सापडलं तर आधी स्टेज, मग पोलीस, १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये असू दे.

झोप आली की निघा, "एक राउंड अजून" नको. घरी पिना मोजून काढा, सहा लावल्या तर सहा. तोंड धुताना हातावरचा नंबर पुसट झाला असेल तर कोन तिथेच बेसिनवर ठेवा, उद्या परत लागेल.