टू-स्ट्रोक ठेवता ना, मग या चुका टाळा: राजदूत, आरएक्स, फवारणी पंप सगळ्यांसाठी

आपल्याकडे टू-स्ट्रोक इंजिनचं (म्हणजे पेट्रोलसोबत तेलही जाळणाऱ्या इंजिनचं) ज्ञान राजदूतवर शिकलेलं आहे आणि अर्ध्या भानगडी तिथूनच सुरू होतात. राजदूत १७५ म्हणजे पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेलं इंजिन, पिस्टनच पोर्ट म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडते अन् बंद करते, पॉइंट (स्पार्क पाडणारा स्विच) घासून पुसून चालवायचे, तेल पेट्रोलमध्येच ओतायचं, विषय संपला. पण नंतर हे इंजिन कुठच्या कुठे गेलं भाऊ. यामाहानं १९६४ ला ऑटोल्यूब म्हणजे वेगळा तेलाचा पंप आणला, १९६८ ला डीटी-१ काढली जी रस्त्यावर अन् रानात दोन्हीकडे चालायची, ७० च्या दशकात रीड वाल्व आले (मिश्रण आत सोडणारी पण परत न येऊ देणारी पातळ पत्री), मग पाण्यानं थंड होणाऱ्या मोटोक्रॉस म्हणजे रानातल्या शर्यतीच्या गाड्या अन् एटीव्ही म्हणजे चार जाड चाकांच्या रानगाड्या. आपल्या राजदूत ३५० चा (म्हणजे यामाहाच्याच आरडी ३५० चा) बोर म्हणजे सिलिंडरची रुंदी ६४ मिमी अन् स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ५४, आणि १९८७ पासून अमेरिकेत वाळूवर पळणाऱ्या यामाहा बॅन्शी एटीव्हीचंही माप तेच, फक्त ती पाण्यानं थंड होते. खानदान एकच, पण दर पिढीची खोड वेगळी, आणि एकीचा नियम दुसरीला लावला की पिस्टन जाम.

पहिला घोळ तेलाचा. "धूर निघून राहिला म्हणजे तेल पोचून राहिलं", हे वाक्य कोणत्याही तालुक्याच्या गॅरेजवर ऐका. त्यामुळं गरमी वाढली, वैशाखात ४५ डिग्री झाली की लोक तेलाचं माप वाढवतात, इंजिनला थंडावा मिळते म्हणून. होते उलटं. कार्बोरेटरच्या जेटच्या भोकातून ठरलेलंच द्रव जाते, त्यात तेल जास्त टाकलं तर पेट्रोल कमी जाते, मिश्रण लीन होते म्हणजे त्यात हवा जास्त अन् पेट्रोल कमी, अन् इंजिन अजून तापते, वरून काजळी ते वेगळं. जुन्या राजदूतला लिटरमागे ४० मिलीच्या आसपास म्हणजे १:२५ चालत होतं कारण तेव्हाचं तेलच तसं होतं. आता डब्यावर एफसी किंवा एफडी (कमी धुराच्या तेलाचे दर्जे) लिहिलेलं टू-टी म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल घ्या, डब्यावर अन् गाडीच्या किंवा पंपाच्या पुस्तकात जे माप आहे ते मापट्यानं मोजून टाका, बाटलीच्या झाकणाचा अंदाज नको. आणि फवारणी पंपात ट्रॅक्टरचं उरलेलं इंजिन ऑइल टाकणारे पण आहेत बाप्पा, मग ऐन ऑगस्टात कपाशीत उभं राहून दोरी ओढत बसतात. प्लग काढून पाहा, दोन टोकांच्या मधात काजळीचा बारीक दाणा अडकलेला दिसते, स्पार्क तिथूनच मरून जाते.

यामाहा आरएक्स १०० ला (१९८५ ची गाडी, ९८ सीसी, ११ बीएचपी) तेलाचा पंप आहे. बरेच जण तो काढून फेकतात, पेट्रोलमध्येच मिक्स करू म्हणतात, त्यात पाप काही नाही, बॅन्शीपण मिक्सवरच चालते. पण पंप काढला अन् तेलाची नळी जिथं लागते ते भोक बंदच नाही केलं, तर तिथून हवा आत ओढते अन् गाडी लीन होऊन बसते. पंप ठेवला असेल तर तेलाची टाकी कधी कोरडी पडू देऊ नका. पडलीच तर नुसतं तेल भरून किक मारू नका, नळीत हवा अडकलेली राहते, पंपाचा ब्लीड स्क्रू ढिला करून बुडबुडे जाईपर्यंत तेल वाहू द्या आणि पहिलं लिटरभर पेट्रोल मिक्सचं टाका. ॲक्सिलेटरची केबल बदलली तर पंपाची खूणपण पुन्हा जुळवावी लागते, हे तर कोणी करतच नाही.

पिस्टन जाम झाला की लोक लगेच बोर करायला म्हणजे सिलिंडर कापून रुंद करायला लेथवर पळतात. थांबा. आधी पिस्टन हातात घेऊन उजेडात धरा, त्याच्यावर सगळं लिहिलेलं असते. फक्त सायलेन्सरच्या बाजूला ओरखडे असतील तर इंजिन लीन चालून तापलं, जेट पाहा, कुठून हवा येते ते पाहा. चारही कोपऱ्यांवर उभे ओरखडे असतील तर थंड इंजिन सुरू करताच पिदडलं किंवा बोर टाइट केला, पिस्टन फुगला अन् सिलिंडर अजून थंडच. आणि कार्बोरेटरच्या बाजूचा भाग घासून मॅट राखाडी झाला असेल तर धूळ गेली. उन्हाळ्यात पांदणीतून ट्रॅक्टरच्या मागं गाडी घातली की ती बारीक धूळ नाकात जाते तशी इंजिनातपण जाते, अन् फिल्टर काढून "पिकअप वाढला" म्हणणारे पोरं तर विचारूच नका. कारण न शोधता नुसता ओव्हरसाइज पिस्टन टाकला तर महिनाभरात परत त्याच लेथवाल्याकडे.

क्रँकचे ऑइल सील हे दुसरं दुर्लक्षित प्रकरण. फोर-स्ट्रोकचा सील गेला तर तेल गळते, टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसच मिश्रण दाबते म्हणून सील गेला की कामच बिघडते. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअर ऑइल आत ओढून पांढरा धूर अन् गिअर ऑइलची लेव्हल खाली. मॅग्नेटच्या बाजूचा गेला तर हवा ओढते, ॲक्सिलेटर सोडला तरी आरपीएम वरच लटकून राहते. अशा गाडीचा एअर स्क्रू फिरवत बसण्यात अर्थ नाही.

सायलेन्सर कापू नका. पूर्व जर्मनीच्या एमझेडमध्ये वॉल्टर काडननं १९५० च्या दशकात दाखवून दिलं की पाईपचा आकार बरोबर असला तर परत फिरलेली दाबाची लाट बाहेर पळालेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, पोर्ट बंद व्हायच्या आत. तुम्ही कापता तेव्हा आवाज वाढते अन् ताकद जाते. काजळी झाली तर आरएक्सची आतली जाळी एक बोल्ट काढून पक्कडीनं ओढून साफ होते, अख्खा सायलेन्सर आगीत टाकून क्रोम जाळायची गरज नाही.

आता इ-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं. इथेनॉल म्हणजे मिश्रण आपोआप थोडं लीन, म्हणून जुन्या गाडीला मेन जेट एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग पाहा, तपकिरी यायला पाहिजे. त्याहून वाईट म्हणजे पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल पाण्यासोबत खाली बसते अन् टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहून जाते, टाकीचा कॉक खालूनच ओढते, म्हणजे इंजिनात बिनतेलाचं पाणी. जूनमध्ये भरून ठेवलेलं मिक्स दिवाळीला फवारणी पंपात टाकू नका.

चिखलदऱ्याचा घाट उतरताना मिक्सवाली गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटर पूर्ण बंद करू नका, पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद अन् पिस्टन मात्र जोरात फिरून राहिला. मधून मधून ॲक्सिलेटर द्या किंवा क्लच दाबा.

आणि नवीन पिस्टन बसवताना बाण सायलेन्सरकडे, रिंगांची तोंडं पिस्टनच्या बारीक खुंटीवर. खुंटी असते कारण रिंग फिरली तर तिचं टोक पोर्टमध्ये अडकून तुटते. मिस्त्री हेड कसायच्या आधी तुम्ही वाकून पाहून घ्या, चहा नंतर सांगा.