आयटूसी कंट्रोलर रीसेटमध्येच अडकला होता: माझा अनुभव

महापे एमआयडीसीतील आमच्या कार्यशाळेत तपासणीसाठी आलेल्या एका बोर्डावर, नवे बूटलोडर (लिनक्सच्या आधी चालून त्याला सुरू करणारा प्रोग्रॅम) चढवल्यापासून लिनक्समधील आयटूसी बस (चिपांना दोन तारांनी जोडणारा संपर्कमार्ग) दिसेनाशी झाली. क्लॉक चालू होते, पिनांची जोडणी बरोबर होती. पण लिनक्सचा ड्रायव्हर ही बस चालवणाऱ्या कंट्रोलरचे ओळख-रजिस्टर वाचे, तेव्हा ठरलेल्या आकड्याऐवजी शून्य मिळे आणि तो तिथेच माघार घेई.

जुने बूटलोडर याच बसवरून ईईप्रॉम (वीज गेली तरी माहिती टिकवणारी मेमरी चिप) वाचत असे आणि त्यासाठी कंट्रोलरला आधीच रीसेटमधून, म्हणजे निष्क्रिय ठेवलेल्या अवस्थेतून, बाहेर काढत असे. नव्यात तो भाग गाळलेला होता. डिव्हाइस ट्रीच्या, म्हणजे बोर्डावरील हार्डवेअरचे वर्णन लिनक्सला देणाऱ्या, फाइलमध्ये मात्र या कंट्रोलरच्या नोडला (नोंदीला) त्याची रीसेट लाइन सांगणारी ‘रीसेट्स’ ही प्रॉपर्टीच नव्हती. ड्रायव्हर रीसेट ऐच्छिक मानतो, त्यामुळे ती नसली तरी तो तक्रार न करता पुढे जातो. ही मोकळीक जुन्या बोर्डांसाठी आवश्यक असली, तरी दोष शोधणाऱ्याला ती फार भोवते, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपाय एका ओळीचा होता: नोडमध्ये ‘रीसेट्स’ लिहून तिथे रीसेट कंट्रोलरचा संदर्भ आणि त्यातील या आयटूसीच्या रीसेट लाइनचा क्रमांक दिला. संदर्भानंतर किती आकडे लिहायचे, हे रीसेट कंट्रोलरच्या नोडमधील ‘रीसेट-सेल्स’वरून ठरते, आमच्याकडे तो 1 होता. एकच लाइन दोन कंट्रोलरांना सामाईक असेल, तर दोन्ही ड्रायव्हरांनी ती सामाईक म्हणूनच मागावी लागते, अन्यथा दुसऱ्याला ‘बिझी’ ही त्रुटी मिळते.

डीटीबी (डिव्हाइस ट्रीची संकलित फाइल) पुन्हा बांधून बोर्ड सुरू केल्यावर ओळख-रजिस्टर योग्य वाचले गेले आणि बसवरील तापमान सेन्सरही लगेच सापडला.