स्टुडिओतील कॅमेरे एका तालात आणताना

थेट प्रक्षेपणासाठी तीन-चार कॅमेरे स्विचरला (कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवायचे ते निवडणाऱ्या उपकरणाला) जोडण्यापूर्वी सर्व उपकरणांवर एकच व्हिडिओ फॉरमॅट ठरवून घ्यावा. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने १०८०आय५० (सेकंदाला ५० अर्धी चित्रे, म्हणजे २५ फ्रेम) किंवा १०८०पी५० (सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम) निवडल्यास दिव्यांच्या लुकलुकण्याचा त्रासही कमी होतो. त्यानंतर सिंक जनरेटरचा (सर्व उपकरणांना एकच ताल देणाऱ्या यंत्राचा) ट्राय-लेव्हल सिग्नल, म्हणजे एचडी उपकरणांसाठीचा ताल-संकेत, प्रत्येक कॅमेऱ्याच्या व स्विचरच्या जेनलॉक जोडणीपर्यंत (हा ताल स्वीकारणाऱ्या जोडणीपर्यंत) ७५ ओहमच्या कोॲक्स केबलने न्यावा. हा सिग्नल एका उपकरणातून पुढच्यात असा नेला असेल, तर साखळीच्या केवळ शेवटच्या टोकाला टर्मिनेटर (७५ ओहमचा रोध असलेले टोपण) लावावा. मधेच लावला तर सिग्नल क्षीण होतो आणि तो दोष शोधण्यात, स्वानुभवाने सांगतो, अख्खी दुपार जाते. केबलच्या टोकाचा बीएनसी कनेक्टर पाव वळसा फिरवून ‘टक्’ असा बसला का, हे केबल हलकेच ओढून पाहावे.

एखाद्या कॅमेऱ्यात जेनलॉक नसेल, तर स्विचरमधील फ्रेम सिंक्रोनायझर त्याचे चित्र जुळवून घेतो, मात्र त्यात साधारण एका फ्रेमपर्यंत, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असताना ४० मिलिसेकंदांपर्यंत, विलंब होतो. आवाजालाही ऑडिओ मिक्सरवर तितकाच विलंब द्यावा आणि कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून, तळवे टेकतात त्याच फ्रेमला आवाज येतो का, हे रेकॉर्डिंगमध्ये तपासावे.