कळसुबाईला घरच्यांना घेऊन जाताय? या चुका टाळा

"देवीच्या दर्शनाला जायचंय" असं घरात जाहीर केलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वणी किंवा कार्ल्याची एकवीरा उभी राहते. बांधीव पायऱ्या, वाटेत चहा, दोन्ही बाजूंना हार-नारळाची दुकानं. मग आत्या काठापदराची साडी काढते, काका ऑफिसचेच बूट चढवतात आणि आजीच्या पिशवीत ओटीच्या सामानासोबत पितळी निरांजन जातं. कळसुबाईच्या पायथ्याच्या बारी गावात उतरून मान वर केल्यावर मात्र सगळे गप्प होतात.

कळसुबाईचं देऊळ आहे १६४६ मीटरवर, महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच जागी. त्यातला साडेआठशे-नऊशे मीटरचा चढ बारीतून स्वतःच्या पायांनी चढायचा. वाटेत लोखंडी शिड्या आहेत, कठडे आहेत, पण म्हणून तो डोंगर सोपा झालेला नाही. पुढच्या बहुतेक चुका "देवळात तर जायचंय" या एका समजुतीतून होतात. आमच्या घराने पहिल्या खेपेला यातल्या जवळजवळ सगळ्या केल्या होत्या.

"पहाटे निघू, दहापर्यंत पोचू"

मुंबईहून पहाटे निघायचं, घोटीला नाश्ता करायचा, दहाला बारीत. हिशेब करून बघा. सरावाची मंडळी अडीच-तीन तासांत वर जातात. आठ वर्षांचं पोर आणि साठीचे काका सोबत असले की चार तास धरा. दर्शन, डबा, फोटो यात एक तास जातो आणि उतरायला तीन. साडेदहाला सुरुवात केली तर साडेसहाला खाली, म्हणजे डिसेंबरात अंधारात. शिवाय चढाचा निम्मा भाग उघड्यावरचा आणि ऊन डोक्यावर.

आदल्या रात्री बारीत किंवा भंडारदऱ्याला मुक्काम करा आणि सहा-साडेसहाला चालायला लागा. गावात घरगुती राहायची-जेवायची सोय होते. सूर्योदय वर बघायचा म्हणून रात्री दोनला निघणारे गट भेटतील. घरच्यांना घेऊन त्यांच्या नादी लागू नका. नकाशात नुसतं "कळसुबाई" न टाकता "बारी" टाका, कारण डोंगराच्या पलीकडून इंदोरे गावाकडूनही एक वाट आहे आणि ती लेकराबाळांसाठी नाही.

परतायची वेळही आधीच ठरवा. बारा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, असं आम्ही ठरवतो. इथेच घरात वाद होतो. "इतकं आलोय, देवीनं बोलावलंय, ओटी न भरता कसं परतायचं?" त्यावर दुसऱ्या खेपेला आम्हाला उत्तर सापडलं. चढ सुरू होण्याच्या आसपास, पायथ्याशी देवीचं एक देऊळ आहे. ज्यांना वर जाणं झेपत नाही ते तिथेच दर्शन घेतात. सकाळी जातानाच तिथे ओटी भरून टाका. नवस फिटला की वरचं दर्शन हे वरकड पुण्य. मग कोणाचे गुडघे बोलायला लागले तर थांबायला मन तयार होतं. आमची आत्या दर वेळी पहिल्या शिडीपाशी बसते, मटार सोलावेत तशी शांतपणे शेंगा खाते, आणि तिचं काही अडत नाही. फक्त तिच्यासोबत एक मोठं माणूस हवंच.

बूट

नवे बूट घेऊन थेट डोंगरावर जाणं ही झाली माहितीतली चूक. तिच्याहून जास्त फसवणारे असतात जुने, "चांगले" ट्रेकिंगचे बूट, दोन-तीन वर्षं माळ्यावर पडून राहिलेले. वरून नवे दिसतात, पण तळव्याचा फोम आणि गोंद दमट हवेत कुजलेला असतो. तासाभरात सोल टाचेपासून सुटून जीभ बाहेर काढतो. आमच्या काकांचा दुसऱ्या शिडीच्या वर सुटला. सुतळी किंवा जादा नाडी असेल तर बुटाच्या पोटाखालून दोन फेरे घेऊन घोट्याशी बांधा, गाठ वरच्या बाजूला. उतरेपर्यंत टिकते. निघण्याआधी आठवडाभर बूट घालून जिना चढ-उतर करा, सोल हाताने वाकवून बघा.

उतरताना अंगठ्याची नखं काळी पडतात ती नाड्या सैल असल्यामुळे. वर देवळाशी बूट काढावेच लागतात, तेव्हा परत घालताना टाच मागे टेकवून घोट्याशी घट्ट बांधा. नखं आदल्या दिवशी कापलेली असावीत.

गावातल्या बाया नऊवारीत, डोक्यावर ओझं घेऊन, अनवाणी झपाझप जाताना दिसतील. त्यांचं बघून आपण चपला काढायच्या नाहीत. काष्ट्याची नऊवारी शिडीवर अडकत नाही, आपली पाचवारी अडकते. ओढणीचंही तेच. ओटीची साडी पिशवीत न्या, अंगावर सलवार नाहीतर ट्रॅक पँट.

शिडीवर

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण खरी भीती इथेच आहे आणि बहुतेक लोक ती उलट्या जागी ठेवतात. चढताना घाबरतात आणि उतरताना निर्धास्त होतात. उतरताना जिना उतरल्यासारखं दरीकडे तोंड करून निघतात, टाच अरुंद पट्टीवर अर्धवट पडते, पाठीवरची सॅक मागच्या पट्टीला धडकते आणि माणूस पुढे ढकललं जातं. शिडी उभी असेल तिथे उतरतानाही तोंड शिडीकडेच ठेवायचं. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम टेकलेले. हातात मोबाइल, काठी, पाण्याची बाटली, पूजेची पिशवी काहीही नको. सगळं सॅकमध्ये, सॅकचे पट्टे छातीशी आवळलेले.

मूल दोन मोठ्यांच्या मध्ये. चढताना अनुभवी माणूस मुलाच्या खाली, उतरतानाही खालीच, म्हणजे आधी उतरणारा. मुलाचा दंड धरून वर ओढू नका, त्याने त्याचा तोल जातो. त्याला पट्ट्या मोजायला लावा. तान्ह्याला कडेवर किंवा झोळीत घेऊन शिडी चढणं हा हट्ट सोडा.

शनिवार-रविवारी आणि नवरात्रात शिड्यांपाशी अर्धा-अर्धा तास खोळंबा होतो. मागचे ओरडतात, पुढचा थबकतो. कोणी मध्येच गोठलं तर वरून-खालून दहा जणांनी सूचना द्यायच्या नाहीत. एकानेच, जवळच्याने, हळू आवाजात सांगायचं: आता डावा पाय, आता उजवा हात. जमलं तर आठवड्याच्या मधल्या वारी जा. तेव्हा वाटेतली लिंबू सरबताची, ताकाची दुकानं मात्र बंद सापडतील.

"तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून"

माझ्या मते घरच्या ट्रेकमधलं सगळ्यात वाईट वाक्य. दमलेला माणूस ते लाजेने बोलतो आणि बाकीचे सुटका झाल्यासारखे पुढे पळतात. अर्ध्या तासात ढग उतरतात, वीस पावलांपलीकडचं दिसत नाही, फोनला रेंज मिळेलच असं नाही, आणि मागचा माणूस गुरांच्या वाटेला लागतो. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेवा आणि गती त्याची. मागे शिट्टी असलेला एक मोठा. कोणी चुकलंच तर त्याने जिथे आहे तिथेच थांबायचं आणि शिट्टी किंवा हाक द्यायची, हे मुलांना खालीच सांगून ठेवा.

उपास आणि पाणी

नवरात्रातल्या गर्दीत हे हमखास दिसतं: निर्जळी उपास करणारी मावशी तिसऱ्या टप्प्यावर पांढरीफटक. निर्जळी करून हा डोंगर चढू नये, बस. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवणं त्याहून धोक्याचं, त्यासाठी आधी डॉक्टरांशी बोला. उपास करायचाच असेल तर राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाणे, रताळं थोडं-थोडं खात राहा. साबुदाण्याची खिचडी पोटभर हाणून चढलात तर पहिल्या तासातच छातीशी येईल.

पाणी माणशी अडीच-तीन लिटर. शिखराच्या थोडं खाली एक विहीर आहे, पण तिचं पाणी तसंच मुलांना पाजू नका. पोटरीत गोळा आला, डोकं दुखायला लागलं, मळमळलं की नुसतं पाणी ढोसून भागत नाही. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उपास असेल तर सैंधव घाला, देवी रागावणार नाही. गोळा आलेला पाय सरळ करून बोटं गुडघ्याकडे ओढून धरा, चोळत बसू नका. आणि जो बडबड्या माणूस अचानक गप्प झाला, अडखळायला लागला, त्याला सावलीत बसवून कपडे ओले करा. गोंधळल्यासारखं बोलायला लागला तर ११२ लावा आणि गावात निरोप धाडा.

आभाळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ घरच्यांसाठी बरा. भर पावसात कातळावर शेवाळ असतं, ओढे फुगतात. मे-जूनची वळवाची दुपार आणि परतीच्या पावसातली ऑक्टोबरची दुपार, या दोन्ही वेळा फसव्या. सकाळी निळंशार, तीनला विजा. विजेनंतर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर शिखर सोडायचं, कठड्यांना आणि शिड्यांना हात लावायचा नाही. शिडीच्या अलीकडे सखल जागी, झाडापासून दूर, एकमेकांत अंतर ठेवून उकिडवं बसायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

वर पोचल्यावर

देऊळ एवढंसं आहे. दोन-तीन माणसांत भरतं. आत बसून साग्रसंगीत पूजा मांडली तर बाहेर वाऱ्यात लहान मुलं कुडकुडत उभी राहतात. ओटी भरा, नमस्कार करा, बाहेर या. घामाने भिजलेला सदरा बदला, कानटोपी घाला, मग अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि भंडारदऱ्याचं पाणी बघा. निरांजन वाऱ्यात लागत नाही, ते घरीच ठेवा. नारळाच्या करवंट्या, हाराचा दोरा, प्लास्टिकची पिशवी सगळं खाली आणायचं. प्रसादाची पिशवी हातात लटकवली की माकड ती ओढतं आणि माणूस प्रतिक्षिप्तपणे ओढाताण करतो. कड्याजवळ ही ओढाताण नको, सोडून द्या. कातळाला आग्या मोहोळ दिसलं तर तिथे धूर, अगरबत्ती, अत्तर काही नाही.

उतरल्यावर

उतरताना लहान पावलं, गुडघा किंचित वाकलेला, काठी आधी खाली टेकवायची. मुलं पळत सुटतात, त्यांना मागे ठेवा.

जेवण सकाळीच सांगून ठेवा, नाहीतर चारला पोचून चूल पेटायची वाट बघत बसाल. पिठलं-भाकरी, ठेचा. एक गोष्ट सांगतात: ही देवी कोळ्यांची मुलगी. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, या अटीवर ती एका घरी कामाला राहिली. कोणीतरी तेच काम सांगितलं. तिने ते केलं, आणि डोंगरावर निघून गेली ती गेलीच. आमच्याकडे तेव्हापासून बारीत जेवल्यावर ताटं पुरुष उचलतात.

आणि गाडी चालवणाऱ्याला जेवणानंतर अर्धा तास आडवा होऊ द्या. दिवसभर उन्हात चढलेला, पोटात भाकरी गेलेला माणूस कसारा घाटात पेंगतो. बाकीचे मागे घोरत असतात, त्यामुळे कोणाला कळत नाही. एकाने पुढे जागं बसायचं. आमच्याकडे ते काम आत्याकडे असतं, पहिल्या शिडीपाशी तिचीच तर झोप झालेली असते.