जुन्या घराचे संग्रहालय करताना

एखाद्या ऐतिहासिक घराचे संग्रहालय करायचे ठरले की काचेची कपाटे आणि माहितीफलक यांचा विचार आधी सुरू होतो. वास्तविक अशा संग्रहालयातील सर्वांत मोठी वस्तू ते घरच असते, आणि तिची नोंद मात्र पुष्कळदा कोणीच करत नाही. म्हणून एकही खिळा काढण्यापूर्वी प्रत्येक खोलीची मोजमापे घेऊन आराखडे काढावेत, भिंती, छत, दारे, कड्या-कोयंडे यांची छायाचित्रे घ्यावीत आणि भिंतीवरील रंगाचे थर एखाद्या आडबाजूच्या कोपऱ्यात तज्ज्ञाकडून उलगडून पाहावेत. एकदा खरवडून टाकलेला थर पुन्हा मिळत नाही.

दुरुस्तीची सुरुवात छपरापासून करावी. छप्पर, पन्हळी आणि पायाजवळचा पाण्याचा निचरा ही तीन कामे पूर्ण होईपर्यंत आतल्या रंगकामावर खर्च करू नये. ओल कायम असेल तर तो सगळा वाया जातो. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असल्यास तिची डागडुजी चुन्यानेच करावी, कारण चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतील ओलावा बाहेर पडतो, तर सिमेंटचा कठीण थर तो आत कोंडून ठेवतो. मग हा ओलावा विटा-दगडांतून वाट काढतो, सोबत आलेले क्षार तेथे साचून लोणा धरतो आणि काही वर्षांत सिमेंट शाबूत राहून मूळ वीटच भुगा होऊन गळू लागते. घाईने केलेल्या सिमेंटच्या गिलाव्याइतके नुकसान दुसऱ्या कोणत्याही दुरुस्तीने क्वचितच होत असेल. लाकडाच्या बाबतीत वासा पूर्ण बदलण्याऐवजी कुजलेला भाग कापून तेवढाच जोड द्यावा आणि जोडावर वर्ष कोरावे.

त्यानंतरचा प्रश्न अवघड आहे: घर कोणत्या काळातले दाखवायचे? लंडनमधील वास्तुविशारद सर जॉन सोन यांचे घर त्यांच्या १८३७ मधील मृत्यूच्या वेळी होते तसेच शक्य तितके ठेवण्याचे बंधन १८३३ च्या कायद्याने घातले. याउलट दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीच्या ॲमस्टरडॅममधील घरात लपण्याच्या खोल्या तिच्या वडिलांच्या इच्छेनुसार रिकाम्याच ठेवल्या आहेत, आणि तेथील रितेपण सामानापेक्षा अधिक सांगून जाते. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य आहेत. पुरावा नसताना मात्र ‘त्या काळी असेच असायचे’ म्हणून पलंग आणि समया आणून मांडू नयेत. अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, हे १९६४ च्या व्हेनिस सनदेचे (ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मसुद्याचे) सूत्र लहान घरालाही तितकेच लागू आहे. बाहेरून आणलेली वस्तू तशी असल्याचे फलकावर स्पष्ट लिहावे.

कापड, कागद आणि जलरंगातील चित्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू देऊ नये. प्रकाशाची हानी साठत जाते, म्हणजे १०० लक्समधील पाच तास ५० लक्समधील दहा तासांइतकेच असतात. त्यामुळे प्रेक्षक नसताना खिडक्यांचे पडदे ओढून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. अतिनील किरण अडवणारी फिल्म काचांना लावता येते. हवेतील आर्द्रतेचा एकच आकडा गाठण्यापेक्षा तिचे अचानक चढउतार टाळणे महत्त्वाचे आहे.

राहते घर एका कुटुंबाच्या वजनासाठी बांधलेले असते. माडीवर एका वेळी किती माणसे न्यावीत हे स्थापत्य अभियंत्याकडून ठरवून घ्यावे आणि ती संख्या जिन्याच्या तोंडाशीच लिहावी. विजेच्या जुन्या तारा पूर्ण बदलाव्यात. नव्या तारा भिंती न फोडता, पुढे काढता येतील अशा बेताने बसवाव्यात. अंदाजपत्रकात उद्घाटनानंतरच्या देखभालीची रक्कम पहिल्यापासून वेगळी ठेवावी, कारण वर्षातून दोनदा पन्हळी साफ करणे आणि दर महिन्याला वाळवी व कसर तपासणे या कामांना देणगीदार सहसा मिळत नाहीत.