जुनी मोझॅक फरशी दुरुस्त करताय? आधी या चुका टाळा

ठाण्यात चरईला माझ्या आत्याचं जुनं घर आहे, त्याच्या व्हरांड्यात संगमरवराच्या बारीक चौकोनी तुकड्यांची मोझॅक फरशी, मधे कमळ आणि कडेने काळी-तांबडी वेल. लहानपणी आम्ही त्या वेलीवर पाय न पडू देता लंगडी खेळायचो. काही वर्षांपूर्वी फरशी चकाचक करून देतो म्हणून एक कॉन्ट्रॅक्टर आला आणि पहिल्याच दिवशी त्याने अॅसिड ओतलं, फसफसून फेस आला, आत्याला वाटलं मळ निघतोय. मळ नाही हो, दगड निघत होता! संगमरवर आणि खालचा जुना चुना, दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेट, अॅसिडने विरघळतातच. त्या कमळावरून आजही हात फिरवला की खरबरीत लागतं. म्हणून सांगते, मऊ ब्रश, थोडं पाणी, सौम्य साबण आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं, बस. बोअरचं पाणी नकोच, त्यातले क्षार फरशीत मुरतात.

दुसरी चूक सगळ्यात जास्त दिसते, सांध्यांत व्हाइट सिमेंट भरणं. जुन्या फरशीखाली चुना-सुरखीचा (सुरखी म्हणजे विटांची पूड) थर असतो, जमिनीतली ओल त्यातून आणि सांध्यांतून हळूहळू वर येऊन उडून जाते. सांधे सिमेंटने घट्ट बंद केले की ती ओल दगडातूनच वाट काढते, सोबत क्षार आणते, मग पांढरी फक्की दिसायला लागते आणि तुकड्यांच्या कडा भुगा होऊन सुटतात. वरून एपॉक्सी किंवा चकाकणारं कोटिंग मारलं तरी तेच. लोणा, म्हणजे ही पांढरी फक्की, आलाच असेल तर पाण्याने धुवत बसू नका, क्षार परत आत जातात. आधी कोरड्या ब्रशने झाडून घ्या, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा लेप द्या, पूर्ण वाळू द्या, काढा, परत द्या. दोन-तीनदा तरी करावं लागतं, पण आधी ओल कुठून येतेय ते शोधा, नाहीतर सगळं फुकट.

फरशी पोकळ वाजते म्हणून उखडायची घाई पण नको. लाकडी हातोडीच्या दांड्याने हलकं ठोकत जा, जिथे आवाज बदलतो तिथे खडूने खूण करा, फोटो काढा. थोडीच पोकळी असेल तर सांध्यातून सिरिंजने पातळ चुन्याचं मिश्रण आत सोडता येतं. तुकडे अगदीच सुटले असतील तर वरून सुती कापड खळीने चिकटवून तो भाग अखंड उचलतात, म्हणजे नक्षी विस्कटत नाही, पण हे जाणकारालाच करू द्या.

मशीन पॉलिश करण्याआधी फरशी कसली आहे ते बघा. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड म्युझियममधल्या मिंटन टाइल्स (मिंटन ही इंग्लंडची जुनी कंपनी) भट्टीत भाजलेल्या, आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या नक्षीच्या टाइल्स बहुतेक सिमेंटच्या, त्यांचा रंगीत थर जेमतेम काही मिलिमीटर, मशीनने तो कायमचा जातो. आणि इमारत हेरिटेज यादीत असेल तर आधी महापालिकेची परवानगी.

गेलेले तुकडे भरायला नवा पांढराशुभ्र मार्बल आणू नका. आम्हाला कपाटाखालच्या, कुणाला न दिसणाऱ्या भागातले जुने तुकडे मिळाले, ते कमळात बसवले आणि कपाटाखाली नवे घातले.

आणि काम पावसाळ्यात काढू नका, आपल्याकडची हवा इतकी दमट की चुना नीट धरत नाही, पण एप्रिल-मेच्या उन्हात घाईने वाळला तरी त्याची पूड होते. आम्ही दिवाळीनंतर काढलं. साधारण १ भाग चुन्याला ३ भाग रेती-सुरखी घेतली, वरून ओलं गोणपाट टाकलं आणि आत्या रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडायची, कुणाला त्या बाजूने जाऊच द्यायची नाही.