ऑनलाइन फ्रीलान्सिंग: कमी दर आणि वाढत्या स्पर्धेत तग कसा धरावा

ऑनलाइन फ्रीलान्सिंगमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून सुटी कामे घेण्याच्या व्यवसायात, नव्याने उतरलेल्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांतच कळून चुकते की एकेका कामासाठी पन्नासाहून अधिक जण अर्ज करतात आणि त्यांतले काही जण न परवडणाऱ्या पैशांतही काम घ्यायला तयार असतात. अशा वेळी आपणही दर खाली आणावा हा पहिला विचार मनात येतो, आणि बहुतेकांचे नुकसान तिथूनच सुरू होते. क्लायंट सर्वांत स्वस्त माणूस निवडतो तो मुख्यतः उमेदवारांमध्ये त्याला दुसरा कोणताही फरक दिसत नसतो तेव्हा. फरक दिसू लागला की किमतीचे महत्त्व कमी होते. म्हणून या बाजारात टिकायचे असेल तर आपला वेगळेपणा समोरच्याला दिसेल अशी सोय करणे आणि तोपर्यंत तोट्याची कामे वेळीच ओळखून नाकारणे, या दोन गोष्टी शिकाव्या लागतात.

दर इतके का घसरतात हे आधी समजून घेतले, तर स्वतःला दोष देण्याची सवय सुटायला मदत होते. जगभरातल्या लोकांना एकाच यादीत उभे करून त्यांच्यासमोर त्यांचा दर लिहिण्याची पद्धत या व्यवसायाच्या सुरुवातीपासूनच रुळली. १९९९ मध्ये सुरू झालेली ईलान्स आणि तिच्यानंतर काही वर्षांनी आलेली ओडेस्क या क्लायंट आणि फ्रीलान्सर यांची गाठ घालून देणाऱ्या दोन कंपन्या पुढे एकत्र आल्या आणि २०१५ मध्ये त्यांचे नाव अपवर्क झाले. २०१० मध्ये सुरू झालेल्या फायव्हरवर तर प्रत्येक सेवेची किंमत सुरुवातीला सरसकट ५ डॉलर होती. यादीत नाव घालायला फारसा खर्च येत नाही, त्यामुळे पुरवठा कायम मागणीपेक्षा जास्त राहतो. शिवाय अशा संकेतस्थळांची, म्हणजे प्लॅटफॉर्मची, कमाई कमिशनमधून होते. अपवर्कवर अर्ज करण्यासाठी लागणारे ‘कनेक्ट्स’देखील विकत घ्यावे लागतात. अर्जदारांची गर्दी ही आपली अडचण आहे, प्लॅटफॉर्मची नव्हे. त्यात २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून साधे लेखन, ढोबळ भाषांतर, वर्णने लिहिणे अशी कामे क्लायंट स्वतःच उरकू लागले आहेत, आणि त्या कामांवर जगणारे लोक शेजारच्या क्षेत्रांकडे वळल्यामुळे तिथलीही रांग लांबली आहे.

आधी खरा दर काढावा

आपल्याला तासाला किती पैसे मिळतात, असे विचारल्यावर बहुतेक जण प्रोफाइलवर लिहिलेला आकडा सांगतात, पण तो खरा नसतो. एक उदाहरण घेऊ. ३०० डॉलरचा एक प्रोजेक्ट मिळाला आणि तो २० तासांत होईल असा अंदाज आहे, म्हणजे ताशी १५ डॉलर. आता त्यातून प्लॅटफॉर्मचे १० टक्के कमिशन गेले, हातात राहिले २७०. हे काम मिळण्यापूर्वी जाहिराती वाचण्यात आणि अर्ज लिहिण्यात ६ तास गेले होते, क्लायंटशी बोलण्यात २ तास गेले, आणि काम दिल्यानंतर दुरुस्त्यांना ५ तास लागले. एकूण ३३ तास. २७० ला ३३ ने भागले की ताशी साधारण ८.२० डॉलर येतात, म्हणजे लिहिलेल्या दराच्या जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक. यात अजून वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअरचे शुल्क, चलन बदलताना कापले जाणारे पैसे आणि कर धरलेले नाहीत.

कमिशनचा आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो आणि तो बदलतही असतो. फायव्हर विक्रेत्याच्या कमाईतून २० टक्के कापते. अपवर्कवर २०२३ पासून सरसकट १० टक्के कपात होत असे, ती २०२५ मध्ये कामागणिक ० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्यात आली. दर सांगण्यापूर्वी आपल्या प्लॅटफॉर्मचा ताजा नियम पाहून ही कपात दरात धरावी.

असा हिशेब एका साध्या वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक कामानंतर मांडावा. चार-सहा कामांची नोंद झाली की एक गोष्ट स्वच्छ दिसू लागते: कमाई खाणारा सर्वांत मोठा खर्च बहुधा कमी दर हा नसतो, तर बिनपगारी तास हा असतो. ज्या क्लायंटने ताशी २० डॉलर कबूल केले पण आठ वेळा दुरुस्त्या करून घेतल्या, त्याच्यापेक्षा १४ डॉलर देणारा आणि एका बैठकीत काम मान्य करणारा क्लायंट अधिक किफायतशीर ठरू शकतो. आपला किमान परवडणारा दरदेखील या नोंदींतूनच ठरवावा: महिन्याचा खर्च, त्यात आजारपण आणि रिकाम्या आठवड्यांसाठीची तरतूद मिळवावी, आणि आलेली रक्कम महिन्यात प्रत्यक्षात बिल करता येणाऱ्या तासांनी भागावी. हे तास कामाच्या एकूण तासांपेक्षा बरेच कमी असतात, हे सुरुवातीला कोणालाच खरे वाटत नाही.

अर्ज कुठे करावा आणि कुठे करू नये

दिवसाला वीस ठिकाणी एकच मजकूर पाठवण्यापेक्षा निवडून तीन अर्ज करणे जास्त फायद्याचे असते, पण त्यासाठी जाहिरात नीट वाचण्याची सवय लागते. अपवर्कसारख्या ठिकाणी प्रत्येक जाहिरातीशेजारी क्लायंटची माहिती असते: पैसे देण्याची पद्धत पडताळलेली आहे का, आजवर किती जाहिराती दिल्या आणि त्यांतल्या किती टक्के कामांसाठी खरोखर माणूस घेतला, सरासरी ताशी किती पैसे दिले, आधीच्या फ्रीलान्सरांबद्दल त्याने काय लिहिले आहे. दहा जाहिराती देऊन एकदाच माणूस घेणाऱ्या क्लायंटला अर्ज लिहिण्यात अर्थ नाही. अर्जांची संख्या पन्नासच्या पुढे गेली असेल आणि क्लायंटने मुलाखती सुरू केल्या असतील, तर त्या कामात फार विशेष कारण असल्याशिवाय पडू नये.

काही जाहिराती तर पाहताक्षणी सोडाव्यात. ‘चाचणी म्हणून’ पूर्ण वापरता येईल असे काम फुकट मागणारी, काम देण्यापूर्वी नोंदणी किंवा अनामत म्हणून पैसे मागणारी, आणि करार होण्याआधीच टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर यायला सांगणारी जाहिरात ही या व्यवसायातल्या फसवणुकीची ठरलेली रूपे आहेत. काम मिळवण्यासाठी पैसे द्यायला सांगणाऱ्या माणसाला उत्तरही पाठवू नये.

आता अर्जाविषयी, कारण फरक दिसण्याची पहिली जागा तीच आहे. क्लायंटला यादीत प्रत्येक अर्जाच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. समजा, एखाद्याने लिहिले आहे की त्याच्या ऑनलाइन दुकानाचे पान मोबाइलवर फार हळू उघडते. त्यावर येणाऱ्या अर्जांपैकी बहुतेकांची सुरुवात ‘मी पाच वर्षांचा अनुभव असलेला वेब डेव्हलपर असून आपले काम वेळेत आणि उत्तम दर्जाने करून देईन’ अशी असते. आता हे वाचा: ‘तुमचे उत्पादनाचे पान मोबाइलवर उघडून पाहिले. वरची सहा छायाचित्रे मूळ आकारातच लोड होत आहेत आणि चॅटची स्क्रिप्ट मजकुराच्या आधी चालते आहे. या दोन गोष्टींची दुरुस्ती दोन दिवसांत होईल. त्यानंतरही वेग पुरेसा वाढला नाही, तर अडचण सर्व्हरची आहे असे समजावे लागेल आणि ते काम वेगळे मोजावे लागेल.’ या उत्तरात अनुभवाचा उल्लेखसुद्धा नाही, तरीही तो दिसतो. शिवाय कामाची मर्यादा पहिल्याच पत्रात आखली गेली आहे. जाहिरातीत दुवा किंवा पुरेसे तपशील नसतील, तर ज्याच्या उत्तरावर खर्च खरोखर बदलेल असा एकच नेमका प्रश्न विचारावा. असे उत्तर लिहायला वीस मिनिटे लागतात, म्हणूनच बाकीचे ते लिहीत नाहीत.

क्षेत्र अरुंद करावे

‘ग्राफिक डिझायनर’ या नावाखाली लाखो माणसे आहेत. ‘संशोधन अहवालांतली आकडेवारी आलेखांत मांडून देणारा डिझायनर’ शोधायला गेले तर यादी एकदम आखूड होते. एक कौशल्य आणि एक विशिष्ट प्रकारचा ग्राहक यांची जोडी निवडावी आणि प्रोफाइलचे शीर्षक, नमुने, वर्णन असे सगळे त्या जोडीभोवती बांधावे. यामुळे बाकीची कामे हातची जातील अशी भीती वाटते, आणि काही जातातही. पण त्या कामांत आपण तसेही पन्नासांतले एक होतो.

ही निवड करताना यंत्राने होणाऱ्या कामांपासून एक पायरी वर सरकण्याचा विचार करावा. ज्या कामात चूक झाली तर कोणाला तरी उत्तर द्यावे लागते, तिथे जबाबदारी घेणाऱ्या माणसाला पैसे मिळतात: यंत्राने केलेल्या कायदेशीर मजकुराच्या भाषांतराची तपासणी, दुसऱ्याने अर्धवट सोडलेल्या संगणकप्रणालीची दुरुस्ती, तज्ज्ञांशी बोलून लिहावा लागणारा मजकूर.

पूर्वीचे काम दाखवायला नसेल तर काय करावे, हा नवख्यांचा रास्त प्रश्न असतो. त्यासाठी कोणाचे फुकट काम करण्याऐवजी निवडलेल्या क्षेत्रातले दोन-तीन नमुने स्वतःच तयार करावेत आणि प्रत्येकाखाली अडचण काय होती, काय बदलले आणि का बदलले, हे चार ओळींत लिहावे. सुरुवातीचे रिव्ह्यू मिळवण्यासाठी दर पाडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते दर पाडण्याऐवजी कामाचा आकार लहान करावा: पूर्ण संकेतस्थळ निम्म्या पैशांत करण्यापेक्षा एकच पान योग्य दराने करून द्यावे. रिव्ह्यू तितकाच मिळतो, आणि प्रोफाइलवर स्वस्त कामांचा इतिहास साचत नाही, जो पुढच्या प्रत्येक क्लायंटला दिसत असतो.

कामाची हद्द आणि पैशांची सुरक्षितता

क्लायंट ‘बजेट कमी आहे’ म्हणाला की दर न बदलता काम कमी करावे. ‘या रकमेत तीन पाने आणि दुरुस्तीची एक फेरी बसेल, पाचही पाने हवी असतील तर आधी सांगितलेली रक्कम लागेल’ एवढे शांतपणे लिहिले तर बहुतेक क्लायंट समजून घेतात. जो समजून घेत नाही, तो पुढे दुरुस्त्यांच्या वेळीही समजून घेणार नाही. काय दिले जाईल, कोणत्या स्वरूपात, किती फेऱ्यांत आणि त्यापुढच्या बदलाला किती पैसे लागतील, हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून घ्यावे.

ठरावीक रकमेच्या कामात माइलस्टोनचे (कामाच्या ठरलेल्या टप्प्याचे) पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे काम मान्य होईपर्यंत प्लॅटफॉर्मकडे राखून ठेवलेल्या खात्यात, जमा झाल्याशिवाय सुरुवात करू नये, क्लायंट कितीही घाई करत असला तरी. अपवर्कवर काम रीतसर सादर केल्यावर क्लायंटने १४ दिवसांत काहीच कळवले नाही, तर ते पैसे आपोआप सुटतात. म्हणून फाइल नुसत्या संदेशातून पाठवू नये, ‘सादर करा’ हे बटण वापरावे. ताशी कामात तिथली पैशांची हमी फक्त त्यांच्या टाइम ट्रॅकरने नोंदलेल्या तासांना लागू असते, हाताने भरलेल्या तासांना नाही. क्लायंटला प्लॅटफॉर्मबाहेर नेऊन कमिशन वाचवण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण अपवर्कवर ओळख झालेल्या क्लायंटशी दोन वर्षे तिथूनच व्यवहार करावा लागतो किंवा शुल्क भरून मोकळीक घ्यावी लागते, आणि नियम मोडल्यास खाते बंद होऊ शकते. स्वतंत्रपणे मिळालेल्या क्लायंटकडून मात्र सुरुवातीलाच काही हिस्सा ॲडव्हान्स घ्यावा.

दर वाढवताना

वाढलेला दर आधी नव्या क्लायंटला सांगावा. हातात पुरेसे काम असतानाच हे करावे, कारण तेव्हा नकार आला तरी झोप उडत नाही. दोन-तीन नव्या क्लायंटनी तो दर मान्य केला की जुन्यांकडे वळावे आणि त्यांना महिनाभर आधी लेखी कळवावे: अमुक तारखेपासून नवा दर लागू होईल, सध्या चालू असलेले काम जुन्याच दराने पूर्ण केले जाईल. लांबलचक कारणे किंवा महागाईचे दाखले देण्याची गरज नसते.

जुना क्लायंट हा या व्यवसायातला सर्वांत स्वस्तात मिळणारा क्लायंट असतो, कारण त्याच्यासाठी अर्जाचे तास खर्च होत नाहीत. म्हणून काम संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्याला एक छोटा संदेश पाठवावा, त्यात दिलेल्या कामाचा उपयोग कसा झाला हे विचारावे आणि पुढची एखादी अडचण दिसली असेल तर ती दाखवून द्यावी. ज्याच्याकडून वारंवार काम येते, त्याच्यापुढे रिटेनर, म्हणजे दरमहा ठरावीक तासांचा कायमचा करार, मांडावा. त्यात दरात थोडी सवलत द्यावी लागली तरी बिनपगारी तास घटल्यामुळे खरा दर बहुधा वरच जातो. तो गेला की नाही, हे वहीतल्या नोंदींवरून तपासून पाहावे. जुन्या क्लायंटने वाढ नाकारली, तर त्याला लगेच सोडू नये. त्याचे तास महिन्यागणिक कमी करत न्यावेत आणि मोकळा झालेला वेळ नव्या दराच्या कामांसाठी अर्ज करण्यात घालवावा.